मावळांतील जलाशयांची सायकल-यात्रा

गेल्या वैशाखांत एके दिवशीं सायंकाळीं देवापुढें दिवा लावून झाल्यावर आमचा धाकटा नातू चित्रांचें एक पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. पुस्तक आयर्लंड देशाचें होतें. हिरव्यागार टेकड्या, त्यांच्यामध्यें आरशासारखीं पसरलेलीं तळीं, तळ्यांच्या कांठानें गेलेली अरुंद वाट आणि त्या वाटेनें सायकलवर बसून चाललेले प्रवासी, अशीं तीं चित्रें होतीं. "आजोबा, मोठा झालों कीं मी येथें सायकलनें फिरणार," असें त्यानें जाहीर केलें. घरांतील मंडळींनीं आपापल्या स्वभावाप्रमाणें त्यावर मतें दिलीं. माझ्या वडील बंधूंनीं विमानाचें भाडें विचारलें; सूनबाई म्हणाल्या, तेथें पाऊस फार. मी एवढेंच म्हणालों, "बाळ, तो देश तूं पाहशील तेव्हां पाहशील. पण तळ्यांचा मुलूखच पाहावयाचा असेल तर तो आपल्या दारापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. तुझी परीक्षा संपलीच आहे. चल, आपण दोघे सायकलनें जाऊं."

बोलून तर गेलों. परंतु माझ्या वयाला सहासष्ट वर्षें पूर्ण झालेलीं, आणि सायकल नोकरीच्या पहिल्या वर्षांत घेतलेली. सौ.नें औषधांची पुडी बांधून देतांना जी मुद्रा केली तिचें वर्णन करण्याचें प्रयोजन नाहीं. असो. सायकल घेऊन मी आमच्या गल्लीच्या टोंकाशीं असलेल्या दुरुस्तीच्या दुकानांत गेलों. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्यानें चेनला तेल घातलें, ब्रेकचे रबर बदलले, दोन्ही चाकांत हवा भरली आणि ठिगळें व सोल्युशनची नळी एका डबींत घालून दिली. "कुठवर जायचं, गुरुजी?" त्यानें विचारलें. मी म्हणालों, "पवनेच्या धरणाकडे." त्याचा हात क्षणभर थांबला. मग तो म्हणाला, "आतां पाणी उतरलं असंल. वाघेश्वर वर आला असंल. माझा नमस्कार सांगा."

त्या एका वाक्यानें मला जवळजवळ चाळीस वर्षें मागें नेलें. १९८६ सालची गोष्ट. भूगोलाचा तास चालला होता. मीं फळ्याजवळ जिल्ह्याचा नकाशा टांगला होता आणि एकेका मुलाला उठवून आपलें मूळ गांव दाखवावयास सांगत होतों. हा मुलगा उठला, नकाशाजवळ आला आणि त्यानें पवनेच्या निळ्या रंगावर बोट ठेवलें. वर्ग हंसला. मीहि हंसलों. "अरे, तें तळें आहे, तळ्यांत बेडूक राहतात, माणसें नव्हेत," असें मी म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. जागेवर जाऊन बसला. धरण होऊन तेव्हां पुरतीं पंधरा वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि त्या पाण्याखालीं गांवें गेलीं आहेत हें मला ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. ठाऊक होतें, पण तें ज्ञान पुस्तकाचें होतें, समोर उभ्या असलेल्या मुलाशीं मीं तें जोडलें नाहीं. वाचकहो, शिक्षकाच्या हातून पुष्कळ चुका होतात. बहुतेक तो विसरतो. मुलें विसरत नाहींत.

आमचें तळवडें इंद्रायणीच्या कांठीं, देहूच्या शेजारीं वसलेलें. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेलें. शेतांच्या जागीं लहानमोठे कारखाने उभे राहिले, संगणकाच्या कचेऱ्या आल्या, आणि चाकणकडे जाणारे अवजड कंटेनर दिवसरात्र रस्त्यानें धांवूं लागले. म्हणून आम्ही पहाटे पांचालाच निघालों. नातू त्याच्या गियरच्या सायकलवर पुढें, मी माझ्या काळ्या सायकलवर मागें.

पहिला विसांवा देहूस घेतला. घाटाच्या पायरीवर बसून मीं नातवाला तुकोबांच्या गाथेची कथा सांगितली : विरोधकांच्या आग्रहावरून वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, तुकोबा तेरा दिवस नदीच्या कांठीं निश्चळ बसून राहिले, आणि तेराव्या दिवशीं वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. "बुडालेलें वर येतें?" त्यानें विचारलें. "कांहीं येतें," मी म्हणालों. आणि का कोण जाणे, दुकानदाराचें तें वाक्य पुन्हा आठवलें.

देहूरोडहून जुना मुंबई-पुणें रस्ता धरला. सोमाटणें, तळेगांव, मग वडगांव. या वडगांवीं १७७९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं इंग्रजांच्या फौजेला कोंडून तह करावयास लावलें, हें आमच्या पिढीनें पाठ केलें होतें. येथल्याच भात संशोधन केंद्रांत आंबेमोहोराच्या कुळांतून 'इंद्रायणी' तांदूळ तयार झाला, हें मात्र पाठ केलेलें नव्हतें. आपल्या घरोघरीं मऊ भात शिजतो त्याचें हें माहेर. कामशेतला पोहोंचेपर्यंत ऊन चढलें. चहा घेतला, पाठ टेकली आणि तिसऱ्या प्रहरीं डावीकडे पवनेचा रस्ता धरला.

येथें थोडा भूगोल सांगितला पाहिजे. तो सांगण्याची खोड अजून गेलेली नाहीं. सूर्य जिकडे मावळतो तिकडचा पुण्याच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख तो मावळ, असा या नांवाचा अर्थ सांगतात. इंद्रायणी, आंद्रा, पवना, मुळा या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहतात आणि शेवटीं भीमेला मिळतात. आयर्लंडांतील पुष्कळ तळीं हिमयुगांतील बर्फाच्या प्रचंड थरांनीं कोरलेल्या खोलगटांत सांचलेलीं आहेत. तीं निसर्गानें केलेलीं. आमच्या मावळांत हिम कोठलें? येथील वळवण, शिरवता, ठोकरवाडी, पवना, मुळशी हीं सगळीं मोठालीं तळीं माणसानें नद्या अडवून केलेलीं आहेत. नदीकांठची सपाट काळी जमीन हीच भाताची जमीन, आणि तेथेंच गांवें. तेव्हां या मुलखांतील तळें पाहावयाचें म्हणजे दोन गोष्टी पाहावयाच्या : वरचें पाणी आणि खालची जमीन.

द्रुतगति-मार्गाच्या खालून आमचा रस्ता गेला. याच मार्गावर बऊर गांवाजवळ ९ ऑगस्ट २०११ रोजीं मावळांतील शेतकऱ्यांनीं आंदोलन केलें होतें. पवनेचें पाणी बंद नळानें थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. पोलिसांनीं गोळीबार केला. तीन शेतकरी मरण पावले, त्यांत एक स्त्री होती. योजनेचें काम तेव्हां थांबलें. पाणी पूर्वींप्रमाणें नदींतून वाहत येतें, रावेतच्या बंधाऱ्याशीं उचललें जातें आणि निगडीस शुद्ध होऊन आमच्या नगराच्या नळांना येतें. अलीकडे आंद्रा धरणाचेंहि पाणी त्यांत भरीला आलें आहे. मीं त्या दिवशींची बातमी वर्तमानपत्रांत वाचली होती, हळहळ व्यक्त केली होती, आणि मग नळाखालीं तांब्या धरला होता. पुलाखालून जातांना हें सगळें नातवाला सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहून पेडल मारीत होता.

बेडसें लेण्यांच्या फाट्यापुढें माझें मागचें चाक बसलें. रस्त्याच्या कडेला आंब्याखालीं सायकल उलटी केली. नातू ट्यूब काढीत असतां मीं त्याला सांगितलें, "तुझ्या आयर्लंडचा या चाकावर उपकार आहे. बेलफास्ट शहरांत डनलॉप नांवाचा एक जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीला दगडगोट्यांचे हिसके बसूं नयेत म्हणून त्यानें हवा भरलेली रबराची नळी चाकाला बसविली, आणि १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून सायकल ही माणसाला सोसेल अशी झाली." नातू म्हणाला, "म्हणजे पंक्चरहि त्यानेंच शोधून काढलें." उत्तर सुचलें नाहीं. ठिगळ चिकटलें, आम्ही निघालों.

सूर्य कलला असतां पवनानगरच्या पुढें आम्हांला धरणाची लांबच लांब भिंत दिसली, आणि तिच्यामागें तळें. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तिकोना, पलीकडे सुळक्यासारखा तुंग; मध्यें तें निळें पाणी. खोटें कशाला बोलूं, मी सगळें विसरून पाहत राहिलों. लोहगड तर २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकीं एक म्हणून जागतिक वारशांत दाखल झाला आहे. कांठावर रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा होत्या. शहरांतून आलेलीं तरुण मंडळी गाणीं लावून बसलीं होतीं. मला त्यांचा राग आला नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं मीहि निळा रंग पाहूनच हंसलों होतों.

रात्रीचा मुक्काम आमच्या दुकानदाराच्या चुलतभावाकडे होता. हें धरण १९७२ सालीं झालें तेव्हां ज्यांची घरें-शेतें गेलीं त्यांतले कांहीं लोक उंचावर सरकून तेथेंच राहिले, त्यांपैकीं हें एक कुटुंब. जेवणांत गरम भात, कुळथाचें पिठलें आणि ठेचा. जेवण झाल्यावर त्या घरच्या वृद्ध आजी ओसरीवर येऊन बसल्या. मीं विचारलें, "आजी, पाणी आलें तेव्हां तुम्ही किती मोठ्या होतां?"

"लगीन होऊन दोन पावसाळे झालं व्हतं, गुर्जी. पाणी काय एकदम न्हाई आलं. पयल्यांदा ओढ्यापातूर आलं. आमी म्हनलं, आलंय तसं जाईल. मंग उंबऱ्याला लागलं. भांडी नेली, गुरं नेली, घराचं वासं बी काढून नेलं. जातं तेवढं जड, ऱ्हायलं तितंच. चुलीची माती मातुर म्या वटीत घालून आनली." त्या मातीचें काय केलें, असें नातवानें विचारलें. आजींनीं ओसरीच्या पलीकडे तुळशीवृंदावनाकडे बोट केलें.

आजींच्या स्वरांत तक्रार नव्हती. तक्रार त्यांच्या मुलाच्या स्वरांत होती. पवनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकें रेंगाळला; त्याचे कागद गांठोड्यांत बांधून एक पिढी गेली आणि दुसरी म्हातारी होत आली. तो म्हणाला, "पाणी आमच्या दारांत आणि हंडा डोक्यावर, असंबी दिवस काढलं, गुरुजी." मी खालीं पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याच्या सोबतीनें आम्ही कांठाकांठानें तिकोना पेठेकडून पुढें गेलों आणि सायकली एका झाडाशीं टेंकून उतरलेल्या पाण्याच्या पात्रांत पायीं चालूं लागलों. उन्हाळ्यांत येथें जमीन वर येते. भेगाळलेली, राखी रंगाची. थोडें चालल्यावर पायाखालीं दगडांच्या ओळी लागल्या. सोबत्यानें सांगितलें म्हणून कळलें : हें घरांचें जोतें. एका ठिकाणीं विहिरीची तोंडाशीं गाळानें भरलेली कड होती. नातू एकदम खालीं वांकला. खडकांत कोरलेलें एक उखळ त्याला सांपडलें होतें. आंत पावशेर गाळ आणि एक शिंपला. त्यानें तो गाळ बोटांनीं काढून टाकला आणि आंत हात फिरविला. "गुळगुळीत आहे, आजोबा," तो म्हणाला. किती हातांनीं कांडलें असेल तेव्हां तें गुळगुळीत झालें असेल!

आणि मग वाघेश्वराचें देऊळ दिसलें. काळ्या दगडाचें, जुन्या घडणीचें. वर्षांतील बहुतेक महिने पाण्याखालीं राहून उन्हाळ्याचे थोडे दिवस उघडें पडणारें. पडझड झाली आहे, चिरे निसटले आहेत. परंतु इतकीं वर्षें पाण्याखालीं काढून मूळ बांधणी अजून ओळखूं येते. दर्शनाला आजूबाजूच्या गांवांतून माणसें आलीं होतीं. त्यांत कित्येक अशीं, कीं ज्यांचें गांव आतां नाहीं पण देव आहे. मीं हात जोडले आणि मोठ्यानें, सोबत्याला ऐकूं जाईल असा, माझ्या विद्यार्थ्याचा नमस्कार नांव घेऊन सांगितला. देहूच्या घाटावर नातवानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें अर्धेंच मिळालें. गाथा वर आली ती कायमची वर आली. देऊळ येतें तें महिना-दोन महिने. आषाढांत पुन्हा जातें. घरें तर जोत्यापुरतींच येतात.

परतीच्या वाटेवर नातू म्हणाला, "आजोबा, मग तळें वाईट कां?" मीं त्याला सांगितलें, "नाहीं रे. हें पाणी नसतें तर तुझें-माझें नगर उभें राहिलें नसतें, कारखाने चालले नसते, आणि त्या कारखान्यांत या गांवांतल्याहि मुलांना काम मिळालें नसतें. संस्कृतांत पाण्याच्या सांठ्याला जलाशय म्हणतात. आशय म्हणजे राहण्याची जागा. पण मराठींत आशय म्हणजे अर्थहि. पाण्याची जागा कोणती तें डोळ्यांना दिसतें. पाण्याचा अर्थ विचारावा लागतो." शब्दांवर कोटी करण्याची ही पंडितांची संवय मला स्वतःलाहि फारशी आवडत नाहीं, पण त्या दिवशीं दुसरे शब्द सुचले नाहींत.

तिसऱ्या दिवशीं जवण, हडशी, कोळवण या मार्गानें चढउतार करीत आम्ही पौडास आलों. चढावर मी उतरून सायकल ढकलीत होतों; नातू वर जाऊन थांबत होता आणि घंटी वाजवून मला धीर देत होता. पौडाहून दुपारनंतर मुळशीचें धरण गांठलें. पवनेचें पाणी निदान आपल्या नदीच्या वाटेनें पूर्वेकडे येतें. मुळशीचें पाणी विजेसाठीं डोंगराच्या पोटांतून पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनीं सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत भिरा येथें सोडलें जातें. तें १९२७ पासून वीज देत आहे. त्यापूर्वीं १९१५ पासून लोणावळ्याकडील तळ्यांच्या पाण्यावर खोपोलीस निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली होती. पूर्ववाहिनी नद्यांना पश्चिमेकडे वळविणें हें यंत्रविद्येचें मोठें कृत्य होय, यांत शंका नाहीं.

पण त्या कृत्याची दुसरी बाजूहि इतिहासांत नोंदलेली आहे. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, येथील मावळे बायकामुलांसह धरणाच्या कामावर येऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरूं झाला. पांडुरंग महादेव बापट त्यांत पुढें झाले आणि लोक त्यांना सेनापति म्हणूं लागले. लाठ्या, तुरुंग, सक्तमजुरी हें सर्व झालें. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. पन्नासाच्या आसपास गांवांची जमीन गेली. हरण्याच्या कारणांत एक असें आहे कीं तें आपल्या घरांतून सांगितलें गेलें पाहिजे. त्या जमिनींपैकीं पुष्कळ जमीन पुण्यांत राहणाऱ्या सावकारांकडे होती, आणि त्यांतील अनेक आपल्यासारख्याच शिकलेल्या घराण्यांतले होते. वाढीव मोबदल्याची बोलणीं सुरूं झालीं तेव्हां त्यांतल्या कित्येकांनीं ती तडजोड पत्करली. जमीन कसणाऱ्याला मोबदला नको होता, जमीन हवी होती. पण कागदावर नांव त्याचें नव्हतें. माझ्या आजोबांच्या पिढीनें सेनापतींचें नांव आदरानें घेतलें. सावकारांचें नांव घेतलें नाहीं.

धरणावरून सूर्यास्त पाहतांना नातवाला त्याच्या आयर्लंडची आणखी एक गोष्ट सांगितली. तेथील सगळींच तळीं बर्फानें केलेलीं नाहींत. विक्लो परगण्यांत लिफी नदी पूलाफूका येथें अडवून १९४० सालीं एक मोठें तळें करण्यांत आलें. डब्लिन शहराला त्यानें पाणी दिलें, वीजहि दिली. आणि त्याच्या खालींहि माणसांचीं घरें व शेतें गेलीं. त्या कांठानें जाणाऱ्या सायकलस्वाराला तेंहि तळें इतरांसारखेंच सुंदर दिसत असेल. नातवानें विचारलें, "मग ओळखायचें कसें?" मी म्हणालों, "कांठावर जो म्हातारा किंवा म्हातारी भेटेल तिला विचारावयाचें."

चवथ्या दिवशीं पिरंगुट, हिंजवडी असे आम्ही परतलों. घरीं पोहोंचलों तेव्हां गुडघे माझे राहिले नव्हते. सूनबाईंनीं तांब्याभर पाणी आणून दिलें. नातवानें फुलपात्र हातांत घेतलें, थोडा वेळ त्यांत पाहिलें आणि एकहि थेंब न सांडतां प्याला. मीं त्याला कांहीं विचारलें नाहीं.

संध्याकाळीं लंगडत दुकानावर गेलों. म्हणालों, "वाघेश्वराला नमस्कार सांगितला. तुझ्या चुलतीच्या हातचें जेवलों." मग जें सांगावयास आलों होतों तें सांगितलें : "नकाशावर तूं बोट ठेवलेंस तें बरोबर होतें. मी चुकलों. तुझ्या गांवाचें नांव सांग." त्यानें सांगितलें. मीं खिशांतील वहींत तें लिहून घेतलें आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना, हें त्याला दाखविलें. लेखांत तें छापूं नये, एवढीच त्याची अट होती, ती मीं पाळली आहे. माझ्या सायकलीचें मागचें चाक उचलून त्यानें एकवार गरकन् फिरविलें, एक डोळा मिटून पाहिलें आणि म्हणाला, "चाक आऊट झालंय, गुरुजी. ठेवून जा. सकाळपर्यंत सरळ करून देतों."

सायकल ठेवून मी पायीं घरीं आलों.